बावीस नंबरचा गोलकीपर

मी नावं कधी टाइप करत नाही. क्लबात एकोणीस वर्षं खेळाडूंच्या नोंदणीचं काम केलं आणि एवढं एकच शहाणपण पदरात पडलं. मागच्या हंगामाची यादी घ्यायची, तिची नक्कल करायची, सोडून गेलेल्यांच्या ओळी काढायच्या, नव्यांच्या ओळी त्यांच्या पासपोर्टवरून चिकटवायच्या. अगदी सुरुवातीला एका खेळाडूचं आडनाव मी हाताने टाइप केलं, एक अक्षर चुकलं आणि तो बिचारा दोन दिवस विमानतळावरच्या बाकावर झोपला. तेव्हापासून फक्त नक्कल. यादीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही, अध्यक्षांनीही नाही.

त्यामुळे यंदाच्या यादीत बावीस नंबरला माझा धाकटा भाऊ तसाच राहिला, हे खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नव्हती.

तो जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सकाळच्या सरावात गेला. गोलकीपर लोक बाकीच्यांपासून लांब, मैदानाच्या पार टोकाच्या गोलमध्ये सराव करतात. तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. एकोणतीस वर्षांचा होता. आमच्यात चौदा वर्षांचं अंतर, आई लवकर गेली, त्यामुळे त्याच्या दुधाच्या दातांपासून ते पहिल्या ग्लोव्हजपर्यंत सगळं मीच केलं. क्लबात आला तरी ऑफिसच्या दारातून "ताई, भूक लागली" म्हणून ओरडायचा. त्याच्यामुळे अख्खा क्लब मला ताई म्हणायला लागला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले अध्यक्षसुद्धा.

आणि नेमकं यंदाच आम्हाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं होतं. देशोदेशीचे विजेते क्लब, त्यात आम्ही, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. नियम साधा होता: तेवीस खेळाडू, त्यांत तीन गोलकीपर. पहिले दोघे ठरलेले होते. तिसरी जागा भावाच्या पाठोपाठ जो होता त्याची. त्याला सगळे आजोबा म्हणतात. वय अडतीस, क्लबात अकरा वर्षं, आणि या अकरा वर्षांत मुख्य संघाच्या सामन्यात एक मिनिटही गोलमध्ये उभा राहिलेला नाही. कायम पुढच्या माणसाच्या मागे. गुडघे कुरकुरायला लागलेत, म्हणजे हीच शेवटची संधी. मला काय करायचं होतं? एक ओळ काढायची आणि एक ओळ चिकटवायची.

मी विसरले असं सगळ्यांना सांगितलं. विसरले नव्हते. त्या दुपारी ऑफिसात एकटी होते. बावीस नंबरची ओळ निवडली, ती निळी झाली. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. स्वतःशीच म्हटलं, आधी बाकीचं उरकू, हे शेवटी करू. बाकीचं सगळं उरकलं. मग मी यादी तशीच पाठवून दिली, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी जाऊन नऊ तास गाढ झोपले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी स्पर्धेच्या आयोजकांकडून मंजुरी आली. अध्यक्ष स्वतः माझ्या ऑफिसात आले आणि दार लावून घेतलं. टेबलावर कागद ठेवून त्यांनी बावीसवर बोट टेकवलं.

"ताई, हे जरा बघा."

"विसरले," मी म्हणाले.

"होतं असं. होतं." आणि बाहेर डोकावून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

दुसऱ्या कुणाच्या हातून हे घडलं असतं तर या माणसाने क्लब डोक्यावर घेतला असता. मला चहा. तो कप भिंतीवर फेकावा असं फार वाटलं. चार महिने सगळे माझ्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसे वागत होते आणि माझं डोकं त्यानेच जास्त फिरायचं.

यादी एकदा बंद झाली की बदल नाही, फक्त गोलकीपरला दुखापत झाली तर मुभा आहे. त्यासाठी एक अर्ज आहे आणि त्यात दुखापतीची तारीख लिहायची चौकट आहे. ती चौकट यादी बंद झाल्यानंतरचीच तारीख घेते. मी भावाची तारीख घातली, चौकट लाल झाली. पुन्हा घातली, पुन्हा लाल. मरण आधीचं आणि नोंदणी नंतरची, हे गणित त्या मशीनला सुटेना. मी अध्यक्षांना म्हटलं, सरळ पत्र लिहिते, चूक झाली म्हणते.

"वेड लागलंय का? मेलेल्या माणसाची नोंदणी केली म्हणून उद्या हाकलून देतील आपल्याला. एकतीस वर्षं थांबलोय, ताई. तिथे सांगू, तो आजारी आहे, खोलीत पडून आहे. बस. तुम्ही फक्त गप्प राहा."

गप्प राहणं मला जमणारं नव्हतं, पण मी राहिले. कारण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. खोलीत पडून आहे, हे वाक्य मी दिवसभर मनातल्या मनात घोळवत होते.

आजोबासमोर जायची मात्र छाती होईना. तो मैदानावर असला की मी मागच्या जिन्याने जायची. त्याची जागा मी गिळली होती आणि तो मला लांबून हात करायचा. निघायच्या आधीचे तीन आठवडे मी त्याला पाहिलंच नाही. तो मागे घरी राहिलाय असंच धरून चालले.

स्पर्धेत सगळं यादीप्रमाणे मिळतं. आम्ही स्पर्धेच्या शहरात उतरलो आणि मला तेवीस ओळखपत्रांचा गठ्ठा मिळाला. बावीसवर भावाचा चार वर्षांपूर्वीचा फोटो, दाढी वाढलेला, फोटो काढणाऱ्याला काहीतरी टोमणा मारून नुकताच गप्प झालेला. गठ्ठा अध्यक्षांनी वाटायला म्हणून माझ्याकडून घेतला. बसमध्ये तेवीस जागांवर नावांच्या चिठ्ठ्या होत्या. जेवणाच्या हॉलमध्ये तेवीस खुर्च्या. त्याच्या खुर्चीवर कुणी बसेना, पण कुणी ती हलवेनाही. ड्रेसिंगरूममध्ये किटमामांनी तेवीस खुंट्यांवर तेवीस जर्सी लावल्या. किटमामा म्हणजे आमचे साहित्य सांभाळणारे, गोट्या खेळायच्या वयापासून क्लबात आहेत. मी विचारलं, बावीसची कशाला लावली?

"यादीत आहे ना? मग खुंटी रिकामी कशी ठेवू?" ते म्हणाले आणि पाठमोरे झाले.

खोल्यांची वाटणी मीच केली होती. बावीसला माझ्या शेजारची खोली दिली होती. का, असं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सगळे दोन तास झोपतात, तेव्हा मला भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. दोनदा छोटा, मग थांबून एकदा मोठा. मी पलंगावर उठून बसले. भाऊ लहानपणापासून असाच खोकायचा. मी भिंतीला कान लावला, या वयात, चप्पल हातात धरून. पलीकडे नळ सुरू झाला आणि बंद झाला. मी दार उघडून बाहेर आले तर बावीसच्या दारासमोर जेवणाचा ट्रे ठेवलेला, हॉटेलवाल्यांनी आजारी खेळाडूसाठी पाठवलेला. ताटल्या रिकाम्या होत्या. भाऊ सोडायचा तसा पोळीचा काठ तेवढा सोडून दिला होता.

कुणीतरी चेष्टा करतंय असं मला आधी वाटलं आणि माझा पारा चढला. चेष्टा हा भावाचा प्रांत होता, त्यात दुसऱ्याने घुसायचं कारण नव्हतं. मी दार वाजवलं. आत एकदम शांत झालं. कुणी नसतं तेव्हा खोली शांत असते आणि कुणी श्वास रोखून बसलेलं असतं तेव्हाही, पण या दोन शांतता वेगळ्या असतात. मी दाराला तोंड लावून हळूच म्हणाले, "जेवलास का?"

हे मी का विचारलं ते मला विचारू नका. मी माझ्या खोलीत परत आले आणि मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी खुशीत होते. मी चक्क केस विंचरले.

तिसऱ्या दिवशी किटमामा धुण्याच्या खोलीत मला एका बाजूला घेऊन गेले. त्यांच्या हातात ग्लोव्हजची जोडी होती. बावीस नंबरची. हात लावून बघा म्हणाले. ओले होते, तळव्यावर गवत चिकटलेलं.

"मामा, हे कोणी घातले?"

ते माझ्याकडे बघेनात. "ताई, तुम्हाला सांगू नका म्हणालेत अध्यक्ष. पण मी म्हातारा माणूस, मला हे झेपत नाही. दार वाजवू नका. सरळ किल्ली मागून घ्या."

मी खाली काउंटरवर गेले, आजारी खेळाडूची बहीण म्हणून सांगितलं, किल्ली घेतली. खोटं काहीच बोलले नव्हते. वर येऊन दार उघडलं. भर दुपार होती, पडदे ओढलेले. आत भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा होता. तीच पाठ, तोच उजवीकडे जरा कललेला खांदा, बावीस नंबर. मी दाराची चौकट धरली.

तो वळला आणि आजोबा झाला.

दाढी वाढवलेली, तीतले पांढरे केस काळे केलेले. एरवी मी पोट धरून हसले असते.

"ताई," तो म्हणाला, "अध्यक्ष म्हणाले तुम्हाला इतक्यात कळू द्यायचं नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या गोलकीपरचं बोट निघायच्या आधल्या आठवड्यात मोडलं होतं, तोवर बदलीच्या अर्जाची मुदत संपली होती, म्हणून ते लपवून ठेवलेलं. सामन्यात पहिल्याला काही झालं तर गोलमध्ये उभं राहायला माणूस नव्हता. म्हणून आजोबाला सामानाच्या गाडीबरोबर एक दिवस आधी पाठवून दिलं. बावीसची खोली, बावीसची जर्सी, बावीसचं ओळखपत्र. दाढीवाले गोलकीपर लांबून सारखेच दिसतात, असा अध्यक्षांचा हिशोब.

"आणि तू हो म्हणालास?"

"मला एकदा उभं राहायचंय, ताई. नाव कुणाचंही असो."

मी त्याला काय बोलणार होते? त्याची जागा मीच घेतली होती. मी आजूबाजूला बघितलं. खिडकीजवळचा पलंग तसाच नीट होता, चादरीला सुरकुतीही नाही. तो दाराजवळच्या अरुंद सोफ्यावर झोपत होता, उशी तिथे होती.

"पलंग काय वाईट आहे?"

"तिथे झोप लागत नाही," तो म्हणाला आणि विषय बदलला.

त्याच दिवशी अध्यक्ष माझ्याकडे आले. उद्या सामन्याच्या आधी ओळखपरेड असते, म्हणजे स्पर्धेची अधिकारी एकेक नंबर पुकारते, खेळाडू ओळखपत्र घेऊन समोर येतो, ती चेहरा बघते आणि शेजारी उभी असलेली क्लबची नोंदणीवाली, म्हणजे मी, हो म्हणून सही करते. "तुम्ही फक्त मान हलवायची," अध्यक्ष म्हणाले. "आणि असं बघा ताई, तो आत उतरला तर रेकॉर्डला कुणाचं नाव लागेल? आपल्या पोराचंच ना?"

या माणसाला खेळ कळत नाही, पण माझी नस बरोबर कळली. रात्रभर मी तेच बघत राहिले: स्पर्धेच्या नोंदीत त्याचं नाव, समोर सामन्याची तारीख. मेल्यानंतरची तारीख. म्हणजे कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार की त्या दिवशी तो होता.

मी मान हलवायचं ठरवलं.

ओळखपरेडची खोली लहान होती, एक टेबल, एक दिवा, दारात रांग. अधिकारी साधारण माझ्याच वयाची, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज मऊ. एक नंबर, दोन नंबर, माझी मान हलत होती, सह्या होत होत्या. वीस. एकवीस. ज्याचं बोट मोडलं होतं त्याने हात खिशात ठेवला होता. मग बावीस.

आजोबा समोर आला. त्याने सगळं शिकून घेतलं होतं. खांदा कललेला, हनुवटी जरा वर, आणि ओळखपत्र दोन बोटांत धरून पुढे करण्याची ती बेफिकीर पद्धत. माझ्या डोळ्यांसमोर माझा भाऊ उभा होता, आणि मला वाटलं होतं मला शरम वाटेल, पण मी हसत होते. तोंडभर. हे मला त्या अधिकारी बाईच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण ती मला बघून हसली. तिने कार्डावरचं आडनाव वाचलं, मग माझ्या बिल्ल्यावरचं.

"भाऊ का तुमचा?" तिने विचारलं. अगदी प्रेमाने. तपासणी म्हणून नव्हे.

मान हलवायची तयारी मी करून आले होते. या प्रश्नाची नव्हती. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर आज तो खेळला असता, उद्या शेजारच्या खोलीत खोकला असता, परवा मी पुन्हा दाराला तोंड लावून जेवलास का विचारलं असतं. आणि हा माणूस, जो अकरा वर्षं कुणाच्या तरी मागे उभा आहे, त्याला मी माझ्या मेलेल्या भावाच्या आत कोंडून ठेवलं असतं. खुशीने. माझी मला भीती वाटली.

"नाही," मी म्हणाले. "माझा भाऊ वारला. चार महिन्यांहून जास्त झाले. हा दुसरा आहे. चूक माझी आहे, यादी मी पाठवली."

मागे दारात अध्यक्षांच्या घशातून एक आवाज आला. अधिकारी बाईने चष्मा काढला. मग ती उठून फोन करायला गेली आणि पाऊण तास आम्ही सगळे त्या खोलीत एकमेकांकडे न बघता उभे होतो. परत आली तेव्हा निर्णय झाला होता: बावीस नंबर रद्द, सामना बाकीच्यांनी खेळायचा, क्लबाची चौकशी मागाहून. पुढे दोन वर्षं आम्हाला या स्पर्धेत बंदी झाली, आणि माझी नोकरी गेली, ते तर ठरलेलंच होतं. तिने यादी माझ्यासमोर सरकवली आणि पेन दिलं. "तुम्हीच काढा," म्हणाली. मी रेघ मारली. रेघ त्याच्या आडनावावरून घसरून खाली गेली, म्हणून पुन्हा एकदा मारावी लागली.

आम्ही चार गोलने हरलो. पहिल्या गोलकीपरला काही झालं नाही, म्हणजे आजोबा बाकावर बसून राहिला असता तरी कुणाला कळलं नसतं. सामना संपल्यावर तो वरच्या रांगेत एकटा बसलेला दिसला, स्वतःच्या साध्या शर्टात. काळा रंग त्याने चोळचोळून धुतला होता, दाढी निम्मी करडी झाली होती. मी जाऊन शेजारी बसले.

"मी विसरले नव्हते," मी म्हणाले. "मुद्दामच ठेवलं होतं त्याला यादीत. तुझी जागा होती, माहीत असून."

"माहीत आहे मला."

"आणि आज पुन्हा."

"हो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा तुम्हीच, ताई."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. खाली माणसं गोलची जाळी सोडवत होती.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," तो म्हणाला. "त्या दिवशी टोकाच्या गोलमध्ये आम्ही दोघेच होतो. डॉक्टरांना विचारलंत, अध्यक्षांना विचारलंत. मला नाही."

ते खरं होतं. मी जिन्याने जात होते ते फक्त यादीमुळे नाही.

"सांग," मी म्हणाले.

"शॉट माझाच होता. सोपा. त्याने छातीशी धरला आणि खाली बसला, मग आडवा झाला. मला वाटलं सोंग करतोय. मी लांबूनच ओरडलो, उठ, नाटकं पुरे कर. दोनदा ओरडलो. जाऊन बघितलं ते तिसऱ्यांदा. चेंडू त्याच्या हातांतून सुटत नव्हता, मला बोटं उघडावी लागली. शेवटचं त्याने तेवढंच ऐकलं असेल. नाटकं पुरे कर."

तो रडत नव्हता, पण दाढी थरथरत होती. हा माणूस चार दिवस त्याच्या खोलीत, त्याच्या जर्सीत, त्याच्या पलंगाशेजारी राहिला होता, आणि मला वाटलं होतं की तो तिथे फक्त खेळायला आलाय.

"तो होताच नाटकी," मी म्हणाले. "गणिताच्या पेपरच्या दिवशी मी त्याला असं जमिनीवरून किती वेळा उचललंय. मीही हेच ओरडले असते. अगदी हेच शब्द."

आजोबाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रुंद, घामेजलेली, अनोळखी पाठ होती. मी हात तिथेच ठेवला.